कलम सुकले म्हणजे मेले नव्हे

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोरडवाहू रानात बोर, सीताफळ, आवळ्याची कलमे उभी राहिली. अनुदान ३ वर्षांत हप्त्याहप्त्याने, तेही जगलेल्या झाडांवर. कलम मेले की हप्ता बुडतो. वाया गेलेली वर्षे कोणतेच खाते भरून देत नाही.

म्हणून शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, पाने गळाली की लगेच युरियाची मूठ टाकू नका. दुखऱ्या मुळाला ती जाळते. आधी साल नखाने खरवडा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. मग आळ्याच्या कडेची वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. चिखल झाला तर मूळ गुदमरते आहे. पाणी तोडा, चर काढा. भुगा झाला तर आळे रुंद करा, सावकाश पाणी मुरवा, वर ज्वारीच्या धसकटांचे आच्छादन घाला, पण वाळवीसाठी ते खोडापासून दूर ठेवा. मावळतीकडून पऱ्हाटीचा आडोसा करा. बोरीला डोळ्याखालून आलेली फूट खुडा, नाही तर रानबोरच वाढेल.

अनुदान सरकारचे असले तरी जमीन, घाम आणि पाण्याचा हंडा आपला आहे. जगलेल्या झाडांची मोजणी कागदावर नको, बांधावर आपल्यासमोर व्हावी, हा ठराव बैठकीत मांडू या.