हरळीची बाजू

माणसाला आयुष्यात एकदा तरी लॉनचा झटका येतो. मला तो निवृत्तीनंतर, नारायणगावजवळच्या वडिलोपार्जित घरी आला. अंगणभर हरळी होती. पुण्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हरळी हे गवत वाटत नाही, गावंढळपणा वाटतो. मी तणनाशक मारलं आणि चौरस फुटाच्या हिशेबाने कोरियन गवताचे गालिचे आणून अंथरले.

आमचे थोरले चुलते आप्पा काठी टेकीत बघायला आले.

"हे काय रे?"

"लॉन."

"आधी काय होतं?"

"हरळी."

"म्हंजे गवत काढून गवत लावलंस," असं म्हणून ते चहाला बसले.

वैशाखात विहिरीने तळ दाखवला. गालिचा पिवळा पडला आणि त्याच्या सांध्यासांध्यातून हिरवं काहीतरी डोकावू लागलं. हरळीच! तेव्हापासून मी तिचा वकील झालो आहे.

वावरात ती वैरीण, हे कबूल. कांद्याच्या वाफ्यात तिला कोणी हळदीकुंकू लावणार नाही. जमिनीवरून धावते, जमिनीखालूनही धावते. रोटाव्हेटरने तुकडे केलेत तर पेरापेरातून नवा संसार थाटते. तिथे जुनाच उपाय खरा: उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, मुळ्या उन्हात वाळू द्याव्यात आणि वेचून काढाव्यात.

पण बांधावर का मारता? जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला पाऊस कसा कोसळतो, ते मी सांगायला नको. उताराच्या शेतात बांधाची माती हरळीच्या मुळ्यांनी धरलेली असते. मजुरी वाचते म्हणून बांधावर फवारा मारायचा आणि आषाढात माती ओढ्याला लागली की सरकारच्या नावाने बोटं मोडायची!

गायरानातही तेच. गुरं चारून झाली की थोडे दिवस जागा मोकळी ठेवा. हरळी पुन्हा उभी राहते. बारा महिने चरत ठेवलंत तर तिचाही नाइलाज आहे. आणि लॉनच हवं असेल तर तिला भरपूर ऊन द्या, वरचेवर कापा, उन्हाळ्यात पाणी दाखवा. आंब्याच्या दाट सावलीत मात्र ती यायची नाही. अमेरिकेत हिलाच 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात आणि हौसेने लावतात. आमच्याकडे बर्म्युडा म्हणजे पुतण्याची अर्धी चड्डी.

सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. अष्टविनायकांतले दोन, ओझर आणि लेण्याद्री, आमच्याच तालुक्यात. तिथे आम्ही दूर्वांची जुडी विकत घेऊन भक्तिभावाने वाहतो. दूर्वा म्हणजे हरळीच. घरी येतो आणि तिलाच मारायला पाठीला पंप लावतो.

भाद्रपदात शेजारची चिमुरडी परडी घेऊन फाटकाशी थबकली. "ये की, घे दूर्वा," मी म्हणालो.

"नको आजोबा. आई म्हणाली, तुमच्याकडं औषध मारलंय."

एवढं माझ्याशी आजवर कोणी स्पष्ट बोललं नव्हतं.

त्या वर्षी बाप्पासाठी दूर्वा आणायला मी आप्पांच्या बांधावर गेलो. त्यांनी एकवीस मोजून दिल्या. पैसे घेतले नाहीत. चौरस फुटाचा भाव मात्र विचारला.