भाव विचारण्याआधी पन्हा विचारा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत हडपसर गाडीतळावर किंवा सय्यदनगरच्या रस्त्यावर रात्री अकरा वाजता उभे राहून पाहा. पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर पाच-पाच रुपयांसाठी भाजीवाल्याशी घासाघीस करणारा माणूस त्या गर्दीत तीन मुलांचे कपडे वीस मिनिटांत घेतो. कापड हातात धरून बघत नाही, उलटे करून शिवण बघत नाही. दुकानदार सांगेल तो भाव देतो, कारण उद्या-परवा ईद आहे आणि मुले रडवेली झाली आहेत. मी स्वतः कापड विकतो, म्हणून लाजत का होईना कबूल करतो की त्या दहा दिवसांत आम्हा दुकानदारांचाही हात जरा सैल सुटतो. सव्वादोनशेचा माल तीनशेला जात असेल तर तो अडीचशेला द्यावा असे वाटणारे व्यापारी फार नाहीत. मीही दरवर्षी त्यांच्यात नव्हतो.

एका ईदनंतर आठ दिवसांनी ओळखीचा एक रिक्षावाला दुकानात आला. पिशवीतून मुलाचा कुर्ता काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, “चाचा, एक धुलाई में ये हाल हुआ, देखो.” कुर्ता लांबीला चांगला दोन इंच आटला होता. बगलेची शिवण उसवली होती आणि खळ निघून गेल्यामुळे कापडातून पलीकडचे दिसत होते. माल माझ्या दुकानातला नव्हता, पण तो मला विचारत होता की यात माझे किती पैसे गेले. मी हिशेब करून सांगितला. तो गप्प झाला. आज तोच हिशेब सर्वांसमोर मांडतो. यातल्या काही गोष्टी धंद्यातल्या आहेत आणि त्या उघड केल्या म्हणून काही भाईबंद नाराज होतील. होऊ द्या.

पहिली गोष्ट पन्ह्याची. गिऱ्हाईक दुकानात शिरते आणि विचारते, मीटरला काय भाव? शंभरातले पाचसुद्धा पन्हा विचारत नाहीत. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे कापड सव्वादोन मीटर लागते. ५८ इंच पन्ह्याचे १ मीटर ६० सेंटीमीटर पुरते. समजा, लहान पन्ह्याचे कापड ११० रुपये मीटर आहे आणि मोठ्या पन्ह्याचे १५० रुपये. माणूस ११० वाले घेतो आणि ४० रुपये वाचवले म्हणून खूश होतो. हिशेब असा पडतो : सव्वादोन मीटरचे २४७ रुपये ५० पैसे आणि १ मीटर ६० चे २४० रुपये. महाग दिसणारे कापड स्वस्त पडले. दोन शर्ट एकत्र बेतले तर मोठ्या पन्ह्यात आणखी थोडे कापड वाचते, कारण एका शर्टाची कॉलर आणि कफ दुसऱ्याच्या कडेच्या तुकड्यातून निघतात. कोणताही जाणता टेलर हे सांगेल, पण त्याला विचारायला आपण त्याच्याकडे कापड घेण्याआधी गेले पाहिजे. आपण जातो घेतल्यानंतर.

दुसरी गोष्ट जरा खोलात सांगावी लागेल, कारण खरी फसगत तिथे आहे. आपल्याकडे दुकानात येणारे बरेचसे साधे कापड मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजी या तीन गावांतल्या यंत्रमागांवर विणले जाते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. मालेगावात १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग आणले आणि पुढे त्यांच्याच मुला-नातवांनी यंत्रमाग बसवले. मागावरून उतरते ते कोरे कापड. त्यातले पुष्कळसे पॉपलीन राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे रंगणीसाठी जाते आणि तिथून पुन्हा आपल्या बाजारात येते. मागवाला, दलाल, रंगणीवाला, मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटचा व्यापारी, पुण्याचा होलसेलवाला, मग आमच्यासारखा किरकोळ दुकानदार. प्रत्येक हात आपला वाटा ठेवतो, आणि ठेवणारच, त्याचेही घर आहे.

आता बाजारातून जेव्हा ओरड होते की स्वस्त द्या, आणखी स्वस्त द्या, तेव्हा या साखळीतला कोणीही आपला वाटा कमी करत नाही. कमी होतात कापडातले धागे. इंचामागे आडवे धागे किती, याला धंद्यात पीक म्हणतात. ६० पीकचे कापड ५२ पीकवर आणले की सूत वाचते, माग लवकर मोकळा होतो आणि भाव उतरतो. उरलेली फट खळीने भरून काढतात. दुकानात ते कापड कडक, भरदार, चकचकीत दिसते. पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर जाते आणि मच्छरदाणी शिल्लक राहते. त्या रिक्षावाल्याच्या कुर्त्याचे हेच झाले होते. बिचारा मालेगावचा विणकर बदनाम होतो की त्याचा माल टिकत नाही. अरे, तुम्ही जो भाव दिलात त्या भावाचाच माल त्याने विणला. त्याच मागावर पूर्ण पीकचे, वर्षानुवर्षे टिकणारे कापडही विणले जाते, पण ते मागणारा गिऱ्हाईक पाहिजे.

हे दुकानात उभ्या उभ्या ओळखता येते. कापडाचा कोपरा दोन्ही तळहातांत धरून जोरात चोळा. पांढरी पूड पडली तर खळ जास्त आहे. मग तेच कापड उजेडासमोर धरा. ज्या जागी चोळले तिथे जाळी दिसली तर ठेवून द्या. सुती आहे की नाही अशी शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडीने जाळा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेयॉन मात्र सुतासारखेच जळते, त्यामुळे कुर्तीचे कापड घेताना बायका फसतात. त्यासाठी धागा ओला करून ओढा. रेयॉन ओले झाले की पटकन तुटते, सूत तुटत नाही. शंभर टक्के सुती सांगून मिश्र कापड देणे हा नुसता वाईट धंदा नाही, बेकायदाही आहे. मिश्र कापडावर कशाचे प्रमाण किती हे छापावे, असा नियम १९८८ पासून आहे. ताक्याच्या कडेला किंवा टोकाला तो छाप शोधा.

तयार कपड्यांबाबत माझे मत थोडे वेगळे आहे आणि टेलर मंडळींनी रागावू नये. दहा वर्षांखालच्या मुलांचे कपडे शिवून घेण्यात पैसे वाचत नाहीत. मूल वर्षभरात वाढते आणि शिलाई कापडाएवढी होते. त्यांच्यासाठी तयार कपडाच घ्यावा, फक्त उलटा करून शिवणीत किती माया सोडली आहे ते बघावे. मोठ्या माणसांचे मात्र उलट आहे, आणि भारी कपड्यांचे तर अधिकच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. एका नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर ५ टक्के, त्याच्या वर गेली की एकदम १८ टक्के. पूर्वी ही सीमा १,००० रुपये होती आणि वरचा दर १२ टक्के. म्हणजे लग्नासाठी ४,००० रुपयांची तयार शेरवानी घेतली तर १८ टक्के करासह ४,७२० रुपये द्यावे लागतात. त्याच शेरवानीचे कापड घेतले तर कापडावर ५ टक्केच. गल्लीतला टेलर वर्षाला २० लाखांच्या आत काम करत असेल तर त्याच्या शिलाईवर जीएसटी नाही. लग्नघरात पाच-सहा शेरवान्या असतात, त्यांचा आकडा ज्याने त्याने मांडावा. आणखी एक, तयार कपड्यावर छापलेल्या एमआरपीत कर आधीच धरलेला असतो. त्याच्यावर वेगळा जीएसटी मागितला तर देऊ नये.

देशी माल म्हणून जे घेता ते देशी आहे का, हेही जरा पाहावे. मॉलमध्ये टांगलेल्या पुष्कळ शर्ट-पँटींवर आत ‘मेड इन बांगलादेश’ लिहिलेले असते. २०११ पासून तिथले तयार कपडे आपल्याकडे जकातीशिवाय येऊ लागले. मे २०२५ मध्ये सरकारने जमिनीच्या सीमेवरून ते आणणे बंद केले आणि फक्त न्हावा शेवा व कोलकाता ही बंदरे मोकळी ठेवली. बांगलादेशच्या कारागिराशी माझे काही वैर नाही, तोही पोटासाठीच शिवतो. पण भिवंडीचा माग भंगारात निघतो तेव्हा त्या मागावर काम करणारा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. आपल्याच पुणे जिल्ह्यातला बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडला आणि चिरडून मेला. आज कोणाला ट्रकपुढे पडायचे नाही, लेबल वाचायला चष्मा लावायचा एवढेच काम आहे.

आता वेळेबद्दल, कारण सर्वांत मोठी बचत तिथे आहे. गेल्या काही वर्षांत आपली ईद लग्नसराईच्या तोंडावर येते आहे. २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये ११ एप्रिलला, २०२५ मध्ये ३१ मार्चला. दोन्ही गिऱ्हाइके एकाच वेळी बाजारात, मग भाव कोण उतरवणार? पण हडपसरमधून पालख्या पुढे गेल्या, आषाढ लागला की आमच्या धंद्याला सुस्ती येते. लग्ने थांबतात, पाऊस असतो, माल पडून राहतो. नंतर गणपती गेले की पितृपक्ष. आमचे हिंदू बांधव त्या पंधरवड्यात नवीन कपडा घेत नाहीत. होलसेलवाला गल्ल्यावर बसून माशा मारत असतो आणि त्याला दिवाळीचा माल भरायला रोकड हवी असते. त्या वेळी हातात नोटा घेऊन गेलेल्या माणसाला जो भाव आणि जो वटाव मिळतो तो रमजानमध्ये स्वप्नातही मिळत नाही. आपल्याला त्या दिवसांत खरेदी करायला काही अडचण नाही, तरी आपणही घरी बसतो. हे मला तीस वर्षे धंदा करून समजलेले नाही.

शिलाईचेही तसेच. शाबान महिना उजाडला की टेलर हात जोडतो की आता नवीन काम घेत नाही. जे घेतो ते सहरीपर्यंत जागून, चुकतमाकत शिवतो. तोच माणूस आषाढात मशीनवर कापड टाकून झाकून ठेवतो. त्या दिवसांत कापड दिले तर शिलाई कमी घेईल, माप नीट घेईल आणि त्याच्या घरी पावसाळ्यात चूलही पेटेल. मात्र सुती कापड टेलरला देण्याआधी एक रात्र पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून द्यावे. आटायचे ते आधीच आटते. त्यासाठी दोन मीटरमागे दहा सेंटीमीटर जास्त घ्यावे.

दुकानदार भाईंनाही एक सांगायचे आहे. मी उर्दू शाळेत शिकलो, मराठी आणि हिशेब दोन्ही वडिलांच्या दुकानात शिकलो. मीटरपट्टीवर कापड टाकताना मी ते ताणत असे, सगळेच ताणत. एकदा वडिलांनी माझ्या हातातून पट्टी घेतली आणि मी मोजलेले पाच मीटर कापड ढिले सोडून पुन्हा मोजले. चार बोटे कमी भरले. गिऱ्हाईक निघून गेले होते. वडिलांनी मला तेवढे कापड घेऊन त्या माणसाच्या घरी पाठवले, फुरसुंगीला, सायकलवर. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे हे आपण सारे जाणतो, पण मला ती त्या सायकलवर समजली.

एकट्या माणसाने ताका घेणे परवडत नाही, हे खरे आहे. त्याला उपाय आपल्याकडे जुनाच आहे, भिशी. दहा घरांनी ईद झाल्यावर महिन्याला ५०० रुपये काढायचे. सहा महिन्यांत ३०,००० रुपये जमतात, कोणाचे व्याज नाही, कोणाची उधारी नाही. पितृपक्षात सरासरी १५० रुपये भावाने दोनशे मीटर कापड येते, पांढरे, फिके आणि मुलींसाठी छापील असे निवडून. सुट्या खरेदीपेक्षा मीटरमागे ३५ रुपये जरी वाचले तरी ७,००० रुपये झाले. माझ्या अनुभवात याहून जास्तच वाचतात. पुन्हा दहा घरांचे कापड एकाच टेलरकडे गेले तर शिलाईचा भाव ठरवायलाही बळ येते. भांडणे होतील ती रंगावरून होतील, म्हणून रंग बायकांनी ठरवावेत आणि पैशाचा हिशेब एकाच वहीत, सर्वांच्या सहीने ठेवावा.

कुर्ता घेऊन आलेल्या त्या रिक्षावाल्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, चाचा, वही तुम्ही ठेवा. आमच्या गल्लीत आतापर्यंत सात घरे तयार झाली आहेत. ताका निवडायला मी त्यांच्याबरोबर रविवार पेठेत जाणार आहे, माझ्या दुकानात नाही. घरात यावरून थोडी बोलणी खाल्ली, पण तेवढे चालायचेच.