फुकट आज्ञावलीची राखण कोणी करायची?

बाजारात कांदा कमी आला की भाव चढतो आणि भाव चढला की शेतकरी पुढच्या हंगामात जास्त कांदा लावतो. कशाची टंचाई आहे, हे भावामुळे कळते. आता हाच नियम संगणकाच्या आज्ञावलीला, म्हणजे सॉफ्टवेअरला, लावून पाहा. एकाने खाल्लेला कांदा दुसऱ्याला उरत नाही. आज्ञावलीच्या नकला मात्र दहा काढा की दहा लाख, जादा खर्च जवळजवळ शून्य! पण ती लिहायला आणि सांभाळायला माणसांचे कष्ट लागतात ते लागतातच.

'ओपनएसएसएल' ही अशीच एक फुकट आज्ञावली. इंटरनेटवरील देवाणघेवाण ती सांकेतिक रूपात बदलून गुप्त राखते. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्या तिच्यावर विसंबून होत्या. तिच्या संस्थेला देणग्या मात्र मिळत वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच!

२०१२ साली तिच्यात एक चूक शिरली. जोडणी चालू आहे ना, हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला सांगतो, "हा चार अक्षरांचा शब्द घे आणि तसाच परत पाठव." एखाद्या लबाडाने चार अक्षरे पाठवून "साठ हजार" असे सांगितले तर? आज्ञावली मोजून पाहतच नव्हती! तेवढी भरती करण्यासाठी ती स्मृतीतला शेजारचा मजकूर उचलून देऊन टाकी. त्यात कोणाचा परवलीचा शब्द असे, तर कधी गुप्त लिपीची किल्लीच. ही 'हार्टब्लीड' चूक एप्रिल २०१४ मध्ये उजेडात आली. वास्तविक आज्ञावलीचा मजकूर सर्वांना वाचायला खुला होता. पण दुसरा कोणीतरी वाचत असेलच, असे प्रत्येकाने धरले. गावच्या विहिरीतला गाळ असाच साचत जातो.

मग आज्ञावलीला किंमत लावावी का? मला ते पटत नाही. किंमत लावली की गरजू माणूस कुलपाविनाच व्यवहार करील, आणि त्याने ती वापरली म्हणून कोणाचे काहीच कमी होत नाही. परंतु जे तिच्या जोरावर कमाई करतात, त्यांनी राखणीचा खर्च आधीच उचलायला हवा. हार्टब्लीडनंतर गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक आदींनी एकत्र येऊन निधी उभारला खरा. पण तो आग लागल्यावर. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या दुसऱ्या फुकट आज्ञावलीतली घातक चूक उजेडात आली. ती दुरुस्त करायला बसलेली माणसे होती आपापल्या नोकऱ्या सांभाळून फावल्या वेळात राबणारे स्वयंसेवक.