खेकडा मेलेला नाही, उकरू नका

उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या कुठल्याही बोर्डवॉकवर जा. फनेल केक, टी-शर्ट आणि त्यांच्या शेजारी तारेच्या पिंजऱ्यात एकमेकांवर चढलेले हर्मिट क्रॅब. शंखांवर स्पायडरमॅन, स्मायली, फुटबॉलची हेल्मेटं रंगवलेली. कुठे कुठे खेकडा चक्क फुकट, पैसे फक्त पिंजऱ्याचे. ओशन सिटीत तर यांची सौंदर्यस्पर्धा भरते, नाव ‘मिस क्रस्टेशियन’. इथली आपली मराठी घरंही यात मागे नाहीत. पोरगं कुत्रा मागतं, आईबाबा खेकड्यावर मिटवतात. ‘सोपा प्राणी आहे, काही करावं लागत नाही,’ असं दुकानदाराने सांगितलेलं असतं.

हे साफ खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे कळतं खेकडा कात टाकायला निघतो तेव्हा.

मुळात हा खेकडा जर्सीचा नाहीच. इथल्या किनाऱ्यावरचे शंखातले खेकडे पाण्यात राहतात. दुकानातला येतो कॅरिबियन बेटांकडून आणि फ्लोरिडाकडून, आणि राहतो जमिनीवर. श्वास मात्र कल्ल्यांनीच घेतो. हवेत ७५-८० टक्के दमटपणा नसेल तर ते कल्ले सुकत जातात. जानेवारीत हीटर लावलेल्या घरात आपले ओठ फुटतात. तारेच्या पिंजऱ्यात एक ओला स्पंज ठेवून या प्राण्याचं काय होणार? तो गुदमरतो, पण सावकाश, आठवडे-महिने घेऊन. म्हणून दुकानावर कधीच ठपका येत नाही.

आता कात. मराठी वर्तमानपत्रांत एसटी स्टँडसुद्धा रंग दिला की ‘कात टाकतं’, त्यामुळे हा प्रकार किती जिवावरचा असतो ते आपण विसरलोय. खेकड्याचं कवच वाढत नाही. वाढायचं तर ते आख्खं सोडायचं, पायांच्या टोकांपासून डोळ्यांच्या देठांपर्यंत. आधी तो भरपूर खातो, पाणी साठवतो, मंदावतो आणि ओल्या वाळूत खोल शिरून स्वतःपुरती पोकळी करतो. तिथे अंधारात जुनं कवच फाडून मऊ शरीर बाहेर काढतो. मग तेच जुनं कवच हळूहळू खातो, कारण नव्या कवचाला लागणारं कॅल्शियम त्यात असतं. लहान खेकड्याला महिनाभर लागतो, मोठ्याला दोन-तीन महिने किंवा जास्तच. तुटलेला पायही याच काळात परत फुटतो.

याला वाळू लागते. निदान सहा इंच खोल, खेकडा मोठा असेल तर त्याहून जास्त. त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा. ओल इतकी, की मूठ दाबली तर गोळा टिकावा पण पाणी गळू नये. वर काचेचं झाकण. गोडं पाणी क्लोरीन काढलेलं. खारं पाणी मत्स्यालयाच्या मिठाचं, जेवणातल्या नव्हे. दुकानातल्या पिंजऱ्यात बोटभर रंगीत खडी असते. त्यात शिरता येत नाही, म्हणून खेकडा उघड्यावर कात टाकतो. सोबतचे खेकडे तो मऊ जीव खाऊन टाकतात.

आणि जिथे वाळू असते तिथे माणसं उकरतात! दोन आठवडे दिसला नाही की चमचा घेऊन ‘बघू या’. पोकळी ढासळते, मऊ अंग फाटतं. काही जण रिकामं कवच पाहून ‘मेला’ म्हणतात आणि त्याच्याबरोबर जिवंत खेकडाही कचऱ्यात टाकतात. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा वास येतो, तो झाकणाबाहेरूनही कळतो. वास नाही, तर हात लावू नका. फोनवर पार्सल कुठवर आलं ते दर तासाला बघायची सवय इथे कामाची नाही.

हर्मिट, म्हणजे एकांतवासी, हे नावही फसवं आहे. रानात हे थव्याने राहतात, रिकामा शंख सापडला की आकारानुसार रांग लावून एकापाठोपाठ एक शंख बदलतात. त्यांना एकांत हवा असतो तो फक्त कात टाकताना. आपण नेमका उलटा कारभार करतो: वर्षभर एकटा ठेवतो आणि त्या दिवसांत खणून काढतो.

‘एवढ्याशा खेकड्याचं काय घेऊन बसलात’ हे मला मासे खाणाऱ्यांनी ऐकवलंय. मीही खातो. पण बांगड्याला मी ‘हा आमच्या चिंगीचा मित्र’ म्हणून महिनोन्‌महिने मारत नाही. हा प्राणी तीस वर्षंही जगू शकतो. माझ्या ओळखीच्या घरांत पुढचा उन्हाळा पाहिलेला विरळाच.

चांगल्या टँकवाल्यांशीही माझं भांडण आहे. ते म्हणतात, नीट ठेवता येत असेल तर घ्यावा विकत. नको. यांची पिल्लं सुरुवातीला समुद्रात तरंगत वाढतात, घरात ती जगवणं फार थोड्यांना जमलंय. त्यामुळे दुकानातला जवळपास प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून उचललेला असतो, आणि तुम्ही एक घेतलात की त्या जागी दुसरा उचलला जातो. हौसच असेल तर सप्टेंबरात विचारा. सुट्टी संपल्यावर नकोसे झालेले खेकडे लोक फुकट देतात. माझ्याकडचे तिन्ही तसेच आले. त्यातला मोठा ऑक्टोबरात वाळूखाली गेलाय. आज डिसेंबरची २० तारीख. वास नाही.