दुकानात ठेवून गेलेलं लेकरू

गॅब्रिएल झेव्हिन या अमेरिकी लेखिकेची 'द स्टोरीड लाइफ ऑफ ए. जे. फिक्री' नावाची कादंबरी आहे. २०१४ साली आली. २०२२ मध्ये त्यावर सिनेमा निघाला, त्यात फिक्रीचं काम कुणाल नय्यरने केलंय. गोष्ट अशी : एका छोट्या बेटावर पुस्तकाचं एकच दुकान. मालक फिक्री. बायको अपघातात गेलेली, धंदा बसलेला, स्वभाव तिरसट. गिऱ्हाइकाशी धड बोलायचं नाही, वर कोणतं पुस्तक आपल्याला आवडत नाही हेच ऐकवायचं. एक दिवस त्याच्या दुकानात कुणीतरी दोन वर्षांची मुलगी ठेवून जातं. सोबत आईची चिठ्ठी. हिला पुस्तकांच्या सहवासात वाढू द्या, ही वाचणारी व्हावी, अशा अर्थाची.

कादंबरी गोड आहे, खरं सांगायचं तर जरा जास्तच गोड. तिरसट माणूस लेकरामुळे मऊ होतो, हे आपण हिंदी सिनेमात कितीदा बघितलंय. मला त्यात वेगळंच काही महत्त्वाचं वाटलं. मुलगी आल्यावर फिक्री बदलतो तसं गावही बदलतं. आधी दुकानाकडे न फिरकणाऱ्या बायका 'हा बाबा पोरीला नीट सांभाळतोय का' हे बघायला यायला लागतात. आल्यासारखं काहीतरी विकत घेतात. ठाण्याचा अधिकारी चौकशीला येता येता वाचायला लागतो, मग वाचणाऱ्यांचा गट चालवतो. कागदोपत्री बाप एकटा फिक्री, पण लेकरू वाढतं ते गावाच्या डोळ्यांसमोर.

आपल्याकडे असं घडलं असतं तर? पहिली गोष्ट, फिक्रीला ती मुलगी मिळालीच नसती. बाल न्याय कायदा २०१५ नुसार एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं आणि पुढची सगळी प्रक्रिया ठरलेली असते. ते योग्यच आहे. लेकरू म्हणजे दुकानात आलेलं पार्सल नव्हे. पण कुठल्याही समितीचा आदेश लागत नाही असंही एक पालकपण असतं, आणि त्याबद्दलच आज लिहायचंय.

दरवर्षी जून महिना आला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात काय दिसतं? किनवट, मुखेड, अहमदपूर, निलंगा, हिंगोली, परभणी, पार यवतमाळपर्यंतची पंधरा-सोळा वर्षांची पोरं. एक पत्र्याची पेटी, एक गादी, लाडू-चिवड्याचा डबा. आई खोलीतला पंखा चालतो का बघते, बाप मेसचे पैसे भरतो, आणि संध्याकाळच्या एसटीने दोघं गावी परत. चिठ्ठी नसते, पण निरोप सगळ्यांना माहीत आहे : याला डॉक्टर करा.

म्हणजे ही हजारो लेकरं आपल्या दोन्ही शहरांच्या दाराशी ठेवून गेलेलीच आहेत. आपण त्यांचं काय केलं? खोल्या बांधल्या. मेस, झेरॉक्स, क्लास सगळं उघडलं. सगळ्याचं भाडं आणि फी घेतो. यात पालकपण कुठे आहे?

पुस्तकांच्या दुकानांचंच घ्या. दोन्ही शहरांत दुकानं भरपूर आहेत. पण आत गेलं की समोर नीट, जेईई, सीईटी, प्रश्नसंच. कथा-कादंबऱ्या असल्याच तर मागच्या कोपऱ्यात, धूळ खात. यात दुकानदाराला दोष देऊन भागत नाही. त्याचं वर्षाचं गणित जून-जुलैवर बसतं, रोडवरच्या गाळ्याचं भाडं थांबत नाही, आणि कवितासंग्रह वर्षभर कपाटात राहिला तर त्याचे पैसे कुणी देत नाही. आपले दुकानदार तिरसट असतील तर त्याला कारणं आहेत.

वाचनालयांचं काय? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे, ते कमी आणि उशिरा येतं ही रड खरीच. पण पैशाशी संबंध नसलेल्या गोष्टीही आहेत. बऱ्याच ठिकाणी वाचनालयाची झाली अभ्यासिका. पोरगं स्वतःचं पुस्तक घेऊन येतं, टेबलावर डोकं घालतं आणि जातं. त्याच्या मागची कपाटं कुलूपबंद. सभासद व्हायचं तर अनामत, स्थानिक पत्ता, ओळखीचा माणूस. हॉस्टेलवरच्या पोराने स्थानिक ओळख आणायची कुठून?

'आता दोन वर्षं फक्त अभ्यास, वाचायला जन्म पडलाय' असं काही पालक म्हणतील. त्यांची काळजी खोटी नाही. ७२० मार्कांच्या पेपरात दोन-चार मार्कांनी सीट जाते, आणि त्यासाठी कुणी शेत गहाण टाकलेलं असतं. पण ज्या पोराला रात्री दहाला खोलीवर आल्यावर बोलायला कुणी नाही, आठवड्याच्या टेस्टमध्ये मार्क घसरलेत आणि घरी सांगायची हिंमत नाही, त्याच्या हातात तेव्हा काय असतं? मोबाईल. आपल्यासारखंच हरलेलं, घाबरलेलं, तरी पुढे गेलेलं माणूस त्याला एखाद्या गोष्टीत भेटलं तर त्याचं नुकसान होईल का? पुस्तकाने नैराश्य बरं होतं असा माझा दावा नाही, त्याला समुपदेशक आणि डॉक्टरच लागतात. पण 'तू आज का नाही आलास' असं विचारणारा दुकानदार किंवा ग्रंथपाल एका पोरासाठी केवढा आधार असतो!

आणि हे आपल्या मातीत नवीन नाही. ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचं नाव लातूर पॅटर्नशी जोडलेलं आहे, त्याचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढे तेच नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरला नापास झाले होते. अफाट वाचनाच्या जोरावर तोच माणूस पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. आजच्या रँकच्या यादीत कुरुंदकर कुठे बसले असते?

पालकपणाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पोरक्या झालेल्या लेकरांसाठी नळदुर्गला 'आपलं घर' उभं राहिलं. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ते चालवलं. औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांना 'सेवालया'त घर दिलं, तेही गावाचा विरोध सोसून. रक्ताचं नातं नसताना बाप कसं व्हायचं, हे या भागाला कुणी कादंबरीतून शिकवायची गरज नाही.

हॉस्टेलवरच्या पोरांसाठी तर त्याच्या शंभराव्या हिश्शाचंही मागणं नाही. दुकानदारांनी दारापाशी एक बाक आणि अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकांचं एक कपाट ठेवावं, आणि चाळणाऱ्या पोराला 'घ्यायचंय का?' विचारू नये. वाचनालयांनी रविवारी दुपारी दार उघडं ठेवावं, कारण पोरांना तेव्हाच सवड असते. क्लासच्या ओळखपत्रावर सभासदत्व द्यावं, अनामत क्लासवाल्यांनी भरावी. लाखाची फी घेणाऱ्याला पाचशे रुपये जड नाहीत. आणि घरमालकांनो, भाडं मागायला वर जाता, तेव्हा 'जेवलास का' एवढं तरी विचारा.

तुमच्या ओळखीचा कुणी दुकानदार, ग्रंथपाल किंवा क्लासचालक असेल तर त्याला ही पोस्ट पाठवा. यातलं काही आधीच करणारं दुकान तुमच्या गल्लीत असेल, तर खाली नाव लिहा. जूनमध्ये नवीन पोरं येतील, त्यांना पत्ता लागेल.