प्राणायामाने मेंदू खरंच ‘साफ’ होतो का?

प्राणायामाने मेंदूतला कचरा वाहून जातो, असे दावे हल्ली सतत कानावर येतात. त्यात तथ्य किती?

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो. हृदयाचे ठोके आणि श्वास त्याला हलवत राहतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १८ निरोगी व्यक्तींचं एमआरआय करण्यात आलं. पोटाने खोल श्वास घेताना या द्रवाचा मेंदूकडे जाणारा वेग नेहमीच्या श्वासापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी वाढला.

याचं कारण दाब. श्वास घेताना छातीतला दाब घटतो, डोक्यातलं रक्त शिरांमधून हृदयाकडे ओढलं जातं आणि त्याची जागा भरायला द्रव वर सरकतो.

असा दाब मोजण्याचं काम आपल्याकडे जुनंच आहे. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीहून बोरघाट चढून गेलं की लोणावळा लागतं. तिथे १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांच्या वेळी पोटातला दाब यंत्राने मोजला होता.

पण द्रवाचा वेग वाढला म्हणजे कचरा निघाला, असं नाही. अमेरिकेतल्या अभ्यासात फक्त त्या क्षणाचा परिणाम तपासला गेला. त्यावरून स्मृतिभ्रंश टळतो, असं म्हणता येत नाही. प्राणायाम जरूर करा, पण त्याच्या भरवशावर सुरू असलेली औषधं बंद करू नका.