आकाशातून पडले फुटबॉल!

दोस्तांनो, तुमच्या मैदानावर हेलिकॉप्टर आलं आणि वरून नवे कोरे फुटबॉल टाकून गेलं, तर? नुसती धमाल! ऑगस्ट 2007 मध्ये अफगाणिस्तानच्या खोस्त प्रांतात अगदी असंच घडलं. अमेरिकी सैनिकांनी मुलांसाठी फुटबॉल टाकले. पण मोठी माणसं खूश होण्याऐवजी चिडली, निदर्शनं करायला रस्त्यावर उतरली.

का बरं? त्या चेंडूंवर निरनिराळ्या देशांचे झेंडे छापले होते. त्यात सौदी अरेबियाचाही होता. त्या झेंड्यावर इस्लामचा कलमा असतो, म्हणजे अल्लाचं आणि पैगंबरांचं नाव! त्याला लाथ कशी मारायची? शेवटी सैन्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. गावातल्या एखाद्या आजोबांना चेंडू आधी दाखवला असता, तर त्यांनी मिनिटभरात सांगितलं असतं. पण विचारलंच नाही ना!

आता थोडं मागे जाऊ. 2001 साली अमेरिकेने अफगाणिस्तानातली तालिबानची राजवट उलथवली. मग इतर देशांच्या फौजाही आल्या. त्यांना लवकरच कळलं, की नुसत्या बंदुकीने काम भागणार नाही. रस्त्यात सुरुंग कुठे पुरलाय, गावात परका कोण आलाय, हे गावकऱ्यांनाच ठाऊक असतं. आणि ते सांगणार कुणाला? ज्याच्यावर विश्वास, त्यालाच!

म्हणून सैनिक गावच्या शूरेत, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बैठकीत जाऊ लागले. हेल्मेट नि गॉगल काढायचा, जमिनीवर मांडी घालायची, चहा प्यायचा आणि दुभाष्यामार्फत ऐकून घ्यायचं. घाई करायची नाही! बायकांशी परक्या पुरुषांनी बोलणं तिथल्या रीतीत बसत नाही. म्हणून 2010 मध्ये हेलमंद प्रांतात अमेरिकेच्या मरीन दलाने महिला सैनिकांची खास पथकं पाठवली. कुठे शाळा बांधल्या, कुठे विहिरी खणल्या.

मग विश्वास बसला? काही ठिकाणी बसला, पण तो काचेच्या भांड्यासारखा होता. 6 जुलै 2008 रोजी नांगरहार प्रांतात नवरीला घेऊन निघालेल्या वऱ्हाडावर अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले. अफगाण सरकारच्या चौकशीनुसार 47 नागरिक मेले. त्यात नवरीही होती. अशा गावात दुसऱ्या दिवशी कुणी चॉकलेटं वाटायला गेलं, तर काय उपयोग? पुढे 2009 मध्ये सेनापती जनरल मॅकक्रिस्टल यांनी वस्तीवरच्या बॉम्बफेकीवर कडक बंधनं घातली. पण गेलेली माणसं थोडीच परत येणार होती!

आता जरा गावकऱ्याच्या जागी उभे राहा. दिवसा सैनिक येतात, हात मिळवतात. रात्री तालिबानची चिठ्ठी दारावर चिकटते. तिला म्हणतात ‘शबनामा’, म्हणजे रात्रीचं पत्र. ‘परक्यांना मदत केलीस, तर याद राख!’ अशी ती धमकी. सैनिक काही महिन्यांनी आपल्या घरी जाणार. तुम्हाला मात्र तिथेच राहायचंय. तुम्ही काय कराल? पटकन उत्तर देऊ नका, बरं का!

ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान काबूलमध्ये परत आले आणि त्याच महिन्यात शेवटचा अमेरिकी सैनिकही निघून गेला. बरेच दुभाषे कुटुंबासह विमानाने बाहेर पडले, पण हजारो मागेच राहिले. ज्यांनी सर्वांत जास्त विश्वास टाकला, त्यांनाच सर्वांत जास्त भीती!

चेंडू वरून टाकता येतो, दोस्तांनो. विश्वासासाठी मात्र खाली उतरावं लागतं, आधी विचारावं लागतं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, दिलेला शब्द आपण निघून गेल्यावरही पाळावा लागतो.